मेंबरांची सही

मेंबर कुठल्याही रस्त्यावर थांबले की आधी सायकल भिंतीला टेकवत, हँडलला सुतळीने बांधलेला पितळी लोटा सोडत आणि त्यातलं पाणी रस्त्याच्या मधोमध ओतत. मग धोतर सावरून उकिडवे बसत आणि ते पाणी कुठे जातं ते बघत राहत. येणारेजाणारे थांबत. काय झालं, काय हरवलं, असं विचारत. मेंबर मान वर न करता म्हणत, "मानसाले नका इचारू जी. पान्याले इचारा. पानी खोटं नाई बोलत."

तुम्ही त्या काळी आमच्या गावात असता तर तुम्हीही एकदा तरी त्या घोळक्यात उभे राहिला असता, आणि हसलाही असता. मी पुष्कळदा हसलो आहे. गोंदियाकडचं, रेल्वेलाइनवरचं, धानाच्या गिरण्यांचं आमचं गाव. नाव मुद्दाम सांगत नाही. जे सांगायचं आहे त्यात तोंड माझं काळं झालेलं आहे, गावाचं कशाला करू?

मी तिथल्या म्युनिसिपल कमेटीत बाबू होतो. सभेचं कामकाज लिहायचं आणि ते रजिस्टरात उतरवून काढायचं, हे माझं काम. माझं अक्षर फार सुंदर होतं. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण तेव्हा मला त्याचा भलताच अभिमान होता. रजिस्टराच्या पानावर खाडाखोड झाली की मला जेवण गोड लागत नसे.

मेंबर या कमेटीवर खालटोल्यातून निवडून आले होते. बाजाराच्या मागे उतारावर ही वस्ती. बिड्या वळणाऱ्या बायका, गिरण्यांतले हमाल, मासे धरणारे ढिवर. स्वातंत्र्यानंतरची पहिलीच निवडणूक, आणि त्या लोकांनी आपल्यातलाच मुरमुऱ्यांचा दुकानदार उभा केला. मेंबर मूळचे सडक अर्जुनीच्या पलीकडचे, कोहळी घराण्यातले. तळी बांधणाऱ्यांचं ते घराणं. कुठे पाळ, म्हणजे मातीचा बांध, घातली की पाणी थांबेल आणि कुठे ते पाळ फोडून जाईल, हे त्यांच्याकडे पोरं बोलायच्या आधी शिकतात, असं ते स्वतः सांगत. शाळा मात्र चौथीपर्यंतच. वाचायचं झालं तर एकेका अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचत.

सकाळी ऑफिस उघडलं की पहिलं दर्शन त्यांचं. "बाबूजी, खालटोला म्हनते नळ आज पन सुका हाय." कधी म्हणत, "खालटोला म्हनते, खांबावरचा दिवा दिवसा जळते आन् संध्याकाळी झोपते, हे काऊन?" स्वतःचं म्हणून ते कधी काही बोलले नाहीत. सगळं खालटोला म्हणत असे.

एकदा त्यांनी पळसाच्या पानात गुंडाळून काहीतरी आणलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. प्रसाद असेल म्हणून मी हात पुढे केला. उघडलं तर नालीतला काळा गाळ. मी ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "दस्तऐवज हाय जी. अर्जासंगं जोडून द्या." तो गाळ मी फेकून दिला, पण नाली मात्र दोन दिवसांत साफ झाली. मेंबर सांगायला आले, तर हातात मुरमुऱ्यांचा पुडा. "खालटोल्यानं पाठवले," म्हणाले.

सभेत ते शेवटच्या खुर्चीवर बसत. सभा हिंदीत चाले, कारण अध्यक्ष आणि बाकीचे बहुतेक मेंबर गिरणीवाले नाहीतर कापडवाले. मागच्या सभेचं कामकाज मी वाचून दाखवायचं आणि सगळ्यांनी खाली सह्या करायच्या, हा रिवाज. वाचून कोण दाखवतो! "पढ़ा हुआ समझो," असं अध्यक्ष म्हणत आणि रजिस्टर फिरे. मेंबरांपुढे आलं की ते एकदा माझ्याकडे बघत. "तुमी लिवलं ना बाबूजी? मंग झालं." आणि तोंड आवळून, एकेक अक्षर कोरत सही करत. एवढ्या विश्वासाने माझ्याकडे माझ्या बापानेही कधी पाहिलं नव्हतं.

मग बाजार सुधारायची योजना आली. जुना बाजार म्हणजे चिखल, गुरं आणि दवनीवाड्याकडून आलेल्या धानाच्या बैलगाड्या, सगळं एकात एक. आता रस्ता उचलून फरशी टाकायची, भाजीवाल्यांसाठी पक्के ओटे बांधायचे, कापडाच्या दुकानांची नवी ओळ काढायची. नकाशा भिंतीवर लागला तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती फुगली. आपलं गाव आता शहर होणार! मेंबरही नकाशापुढे खूप वेळ उभे राहिले. "साजरा हाय," म्हणाले. मग लोटा घेऊन बाहेर पडले.

तीन दिवस ते बाजारात पाणी ओतत हिंडत होते. बाजाराच्या एका अंगाला जुनी बोडी होती. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. बाजाराचं सगळं पाणी आजवर तिच्यात जाई. नव्या नकाशात कापडाची दुकानं त्या बोडीवरच होती, ती बुजवून. आणि बाजाराची नवी नाली मागच्या बाजूने काढलेली, म्हणजे थेट खालटोल्याच्या माथ्यावर.

सभेत मेंबर उभे राहिले. त्यांना सभेत उभं राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "सडक उचला जी, माहं काई म्हननं नाई. बजार साजरा झालाच पायजे. पन बोडी बुजवू नका. नाली बोडीकडं काढा. नाईतं सारं पानी खालटोल्यात येऊन राहीन."

कमेटीच्या ओव्हरसियरने नकाशावर पेन्सिल ठेवून सांगितलं की नालीला पुरेसा उतार दिला आहे, पाणी वस्तीच्या पुढे नाल्यात जाईल.

"म्या ओतून पाह्यलं. थे पुढं जात नाई. थे तिथंच बसते."

अध्यक्ष हसून म्हणाले, "मेंबर साहब, लोटे से शहर नहीं बनते." सभा खो खो हसली. मीही हसलो. लिहिता लिहिता हसलो म्हणून कागदावर शाईचा थेंब पडला, हे मला अजून आठवतं.

हात वर झाले. मेंबरांचा एकट्याचा हात खाली. विरोध कोणाचा, असं विचारल्यावर त्यांनी तोच हात वर केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "माहा इरोध लिवून घ्या बाबूजी." मी मान डोलावली. कच्च्या कागदावर लिहूनही घेतलं.

सभा संपल्यावर अध्यक्ष माझ्या टेबलाशी थांबले. रजिस्टराची जुनी पानं चाळत म्हणाले, "क्या अक्षर है! मोती जैसे." मग जाता जाता म्हणाले, "सर्वसम्मति लिख देना. ऊपर भेजना है, अच्छा दिखता है."

त्यांनी मला धमकावलं असतं तर आज सांगायला काहीतरी तोंड उरलं असतं. नोकरी गेली असती, लेकरंबाळं होती, असं म्हणता आलं असतं. पण तसं काहीच झालं नाही. मला ते मोत्यांचं कौतुक गोड लागलं, एवढंच. आणि खरं सांगायचं तर मेंबरांचा विरोध मलाही लोट्यासारखाच हसण्यावारी वाटला होता. मी टाक शाईत बुडवला आणि सुरेख अक्षरात लिहिलं, 'सर्वसम्मति से पारित.' पान फार छान दिसत होतं.

पुढच्या सभेत रजिस्टर फिरत फिरत शेवटच्या खुर्चीपाशी गेलं. मेंबरांनी या वेळी विचारलं, "माहं लिवलं ना जी?"

मी म्हणालो, "हो."

"तुमी लिवलं ना, मंग झालं." आणि त्यांनी सही केली.

बाजार झाला. फरशी लागली, ओटे झाले, कापडाच्या दुकानांवर रंगीत पाट्या आल्या. उद्घाटनाला बँड होता. बाजूच्या गावांचे लोक नुसता बाजार बघायला येत. मेंबरही गर्दीत टाळ्या वाजवत होते. संगमरवरी फळीवर सगळ्या मेंबरांची नावं कोरलेली, त्यात त्यांचंही होतं.

पहिला पावसाळा कोरडाच गेला. ओव्हरसियर मिशीला पीळ देत हिंडला. दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला झड लागली ती चार दिवस उघडली नाही. बाजार सगळा धुऊन लखलखीत झाला, फरशीवर थेंब थांबेना. ते सगळं पाणी खालटोल्यात जाऊन बसलं. मातीच्या भिंती बसल्या. बिडीची पानं, तंबाखू, मडक्यांत भरलेला तांदूळ, सगळं त्या घाण पाण्यात. बायका लेकरांना खांद्यावर घेऊन शाळेच्या ओसरीत येऊन बसल्या. तिथूनच कोणीतरी उठून बाजारातली ती संगमरवरी फळी वाचून आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेंबर ऑफिसात आले. मागे खालटोल्यातली पाचसात माणसं, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यात एक म्हातारी बिडीवाली होती, तिचं घर पुरतं बसलं होतं. ती वाटेतच बोलत आली असावी. "आमी तुले धाडलं, आन् तूच हात वर केला? काऊन केला रे?"

मेंबरांच्या तोंडावर राग नव्हता. उलट थोडी धावपळीतली खात्री होती, जसं माणूस घरी विसरलेली वस्तू घ्यायला येतो. "नाई केला बाई. म्या इरोध केला. बाबूजीनं लिवलेलं हाय. बाबूजी, थे बही काढा जी. दाखवा यायले."

मी कपाट उघडलं. रजिस्टर काढलं. पान मला शोधावं लागलं नाही. त्यांच्यातल्या एका हमालाला हिंदी वाचता येत होतं. त्याने मोठ्याने वाचलं, "सर्वसम्मति से पारित," आणि खालच्या सह्या वाचत वाचत शेवटच्या सहीपाशी थांबला.

मेंबर पुढे झाले. त्यांनी त्या ओळीखाली बोट ठेवलं आणि ओठ हलवत ती स्वतः वाचली. मग बोट सरकवत खाली आणलं, आपल्या सहीवर. मग माझ्याकडे पाहिलं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं, 'मी खोटं लिहिलं.' अध्यक्ष आतल्या खोलीत बसले होते, मध्ये नुसता पडदा. मी दौतीचं झाकण लावलं. ते आधीच लागलेलं होतं.

मेंबर वळून लोकांना म्हणाले, "सही माहीच हाय. बाबूजीची चूक नाई. म्या वाचलं नाई." आणि त्या म्हातारीला हाताला धरून पायऱ्या उतरवून घेऊन गेले.

त्याच दुपारी त्यांनी पावसात कुदळ घेतली आणि बाजाराची नवी फरशी उखडून, दोन दुकानांच्या मधून, दुकानांमागे बुजवायच्या राहिलेल्या बोडीच्या तुकड्याकडे चर खणायला लागले. आधी एकटेच होते. मग तो हमाल आला, मग ढिवर आले. संध्याकाळपर्यंत बाजाराचं पाणी त्या चरातून वाहायला लागलं. कमेटीने फरशी उखडल्याबद्दल त्यांना नोटीस काढली. ती माझ्या अक्षरात होती. पुढे तोच चर कमेटीने पक्का बांधून घेतला, अध्यक्षांच्या सूचनेवरून, सर्वसंमतीने. तेही मीच लिहिलं.

खालटोल्याने मात्र मेंबरांना माफ केलं नाही. त्यांच्या मागून पोरं 'बिन पेंदी का लोटा', म्हणजे बूड नसलेला, कुठेही कलंडणारा लोटा, म्हणून ओरडत. ज्या माणसाने एकट्याने हात खाली ठेवला होता, त्याला! एकदा मी सगळं सांगून टाकायचं ठरवून त्यांच्या दुकानावर गेलो. तिथे तीन गिऱ्हाइकं होती. मी मुरमुरे घेतले. त्यांनी नेहमीसारखी वर एक मूठ घातली. मी घरी आलो. ते मुरमुरे घरात कोणी खाल्ले ते मला माहीत नाही.

दिवाळीनंतर ते एका सकाळी ऑफिसात आले. "खालटोला म्हनते" असं काही बोलले नाहीत. म्हणाले, "राजीनामा लिवून द्या बाबूजी. गावाकडं जाऊन राहिलो. तिथं तळ्याची पाळ फुटली हाय."

मी लिहिला. चारच ओळींचा होता, मराठीत. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं. कागद त्यांच्यापुढे ठेवला, टाक दिला आणि मी वाट पाहिली. कशाची, ते तुम्हाला कळलंच असेल. 'तुमी लिवलं ना' हे तीन शब्द त्या दिवशी ऐकायला मिळाले असते तर मी त्यांचे पाय धरले असते.

मेंबरांनी टाक खाली ठेवला. कागद घेऊन ते खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसले, उजेडात. पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचायला लागले. बोट एकेक अक्षर पुढे सरकत होतं. जोडाक्षरापाशी थांबत होतं, मागे येत होतं, पुन्हा सुरू होत होतं. चार ओळींना त्यांना फार वेळ लागला. ऑफिसातले बाकीचे बाबू आपापलं काम करत होते. मी टेबलाशी उभाच होतो.

वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा एकदा सुरुवातीपासून वाचलं. मग उठून आले आणि सही केली.