यादीत न घातलेलं नाव

मी ख्रिस्ती नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीतरी विचारणारच, की बाई, तू त्या चर्चमध्ये करत काय होतीस? टायपिंग करत होते. कंप्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स झाला होता, इंग्रजी बरं होतं, आणि बंदराजवळच्या त्या छोट्या चर्चला दर आठवड्याचं पत्रक काढायला माणूस हवं होतं. कोकण रेल्वे सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

आमच्याकडे चर्च म्हटलं की लोकांना कॅथलिकांचं मोठं चर्च आठवतं. हे ते नव्हे. हे इंग्रजांच्या वेळचं, अँग्लिकन, कौलारू, जेमतेम पन्नास माणसं मावतील एवढं. गावात त्याला गोऱ्यांचं चर्च म्हणत आणि गोरी माणसं त्यात होती मोजून दोन, तोंडवलीला घर भाड्याने घेऊन राहिलेलं एक म्हातारं इंग्रज जोडपं. बाकी हॉस्पिटलातल्या केरळच्या नर्सा, बँकेतला एक नागालँडचा साहेब, रस्त्याच्या कामावर आलेला आफ्रिकेचा एक इंजिनियर आणि त्याची बायको. पाद्री महिन्यातून दोनदा बेळगावहून येत. एरवी सगळा कारभार मॅडमच्या हातात. मॅडम बेंगळुरूच्या, निवृत्त शिक्षिका. मराठी त्यांना 'बसा' आणि 'नको' एवढंच येई, पण तेवढ्यावर त्यांनी आमच्या गावात दहा वर्षं काढली होती.

शनिवारी सकाळी मॅडम सांगायच्या आणि मी टाइप करायचे. येत्या बुधवारी बायबलचा अभ्यास, शुक्रवारी गाण्याची तालीम, उशिरा येणाऱ्यांनी कृपया मागे बसावे. या महिन्याच्या शेवटी सर्व देशांचं जेवण, प्रत्येकाने आपल्या घरचा एक पदार्थ आणावा. ही 'सर्व देशांची जेवणं' म्हणजे एक गंमतच होती. नर्सांची मीन करी आधी संपायची, इंग्रज बाईंचा उकडलेला कोबी सगळे नुसता हलवून पुढे ढकलायचे. मला ती माणसं आवडायची. एकमेकांच्या वाढदिवसाला रडणारी, भाड्याच्या टेंपोतून ख्रिसमसची गाणी म्हणत फिरणारी, सगळी आपापल्या गावापासून लांब आलेली.

आणि त्यांच्यात मी बसायचे ते काकडीचं सँडविच खात. कारण मी शाकाहारी होते. हसा! गाबिताची पोर, बाप होडीवर, आई आणि मावशी बंदरावर मासे विकणाऱ्या, आणि मी शाकाहारी! झालं असं, की पहिल्याच महिन्यात मॅडमनी विचारलं, इथल्या माशांतलं तुला काही कळतं का, जेवणासाठी आणायचे आहेत. माझ्या अंगावर इस्त्रीचा ड्रेस, समोर कंप्युटर, आणि मला एकदम वाटलं की हो म्हटलं तर मी पुन्हा मासळीच्या पाटीशी जाऊन बसणार. म्हटलं, आमच्या घरात मासे चालत नाहीत, वडिलांची आंब्याची बाग आहे. एकदा बोलले ते बोलले. मग तीन वर्षं सँडविच खाल्लं आणि घरी येऊन बांगड्याचं तिखलं ओरपलं. याची मला तेव्हा लाजही वाटत नव्हती, उलट आपण हुशार आहोत असं वाटायचं.

त्या पत्रकाच्या शेवटी एक यादी असायची. आजारी, संकटात असलेले, प्रवासात असलेले, अशांची नावं. रविवारी पाद्री किंवा मॅडम ती एकेक करून वाचायच्या आणि सगळे मिळून प्रार्थना करायचे. शिवाय पूर्वी इथे येऊन गेलेली जी माणसं होती, त्यांना मी तेच पत्रक ईमेलने पाठवायचे. ती माणसं लंडन, नैरोबी, दुबई, कुठे कुठे पांगलेली. तीसुद्धा आपापल्या ठिकाणी त्या नावांसाठी प्रार्थना करत. हे मी घरी आणि शेजारीपाजारी फार फुशारकीने सांगायचे. मी इथे बटण दाबलं, की दहा देशांत देवापुढे नाव जातं!

ते मावशीने ऐकलं. माझी सख्खी मावशी, विधवा, एकुलता एक मुलगा. तो आखातात मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. दर महिन्याला शेजारच्या घरी त्याचा फोन यायचा. तिकडे लढाई सुरू झाली आणि फोन बंद झाला. एजंट हात वर करून मोकळा. पावसाळा तोंडावर आला तरी काही कळेना. मावशीने ग्रामदेवाला गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. कौल उजवा मिळाला, तरी तिला झोप नाही.

एका सकाळी ती आमच्या पडवीत येऊन बसली आणि म्हणाली, "बाय, आमच्या देवाची हद्द खाडयेपर्यंत. तो तरी काय करतलो? तुमच्या चर्चाचो देव थंयचो, दर्यापलीकडचो. तुझ्या त्या कागदार माझ्या झिलाचा नाव घाल."

मी म्हटलं, "घालतंय गो. त्यात काय मोठा?"

खरोखरच त्यात काही मोठं नव्हतं. शनिवारी मॅडमनी यादी सांगून संपवली आणि नेहमीसारखं विचारलं, आणखी कुणी? माझी बोटं कळांवर होती. पण मॅडमची सवय अशी, की प्रत्येक नावामागे त्या विचारायच्या, हा कोण, काय करतो, तुझा कोण लागतो? खलाशी, माझ्या मावशीचा मुलगा, मावशी बंदरावर मासे विकते. म्हणजे आंब्याची बाग गेली, शाकाहार गेला, सगळंच गेलं. मी म्हटलं, "नो मॅडम, दॅट्स ऑल." मनात म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगू.

रविवारी संध्याकाळी मावशीने विचारलं, "घातलंस मा?"

"घातलंय."

असे किती शनिवार गेले! दर शनिवारी मी पक्कं ठरवायचे आणि दर शनिवारी तोंडाला कुलूप बसायचं. आणि दर रविवारी मावशी विचारायची. नुसती विचारायची नाही. पावसात बोटी बंद होत्या तोवर ती सुक्या बांगड्यांची जुडी आणायची. नारळी पौर्णिमा झाल्यावर ताजी कर्ली, इस्वण, पाटीतलं जे चांगलं ते माझ्यासाठी बाजूला काढलेलं. "तू माझ्या झिलासाठी करतंस, माझ्या जिवाक बरा वाटता," म्हणायची. मी ते घ्यायचे. शिजवायचे. खायचे. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा घास अडकला नाही, हेही सांगायला हवं.

भातकापणी झाल्यावर चर्चमध्ये उपकारस्तुतीचा रविवार असतो. ज्याचं जे पीक, ते वेदीसमोर आणून ठेवायचं. मॅडम म्हणाल्या, या वर्षी गावालाही बोलवू, फाटकावर मराठीत फळा लाव. मीच माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'आपण जे पिकवता, जे मिळवता, ते घेऊन या. सर्वांचे स्वागत आहे.' गावातून कोण येणार आहे, अशी माझी खात्री होती.

रविवारी पहिलं गाणं संपत आलं आणि दारात मावशी. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पाटी, पाटीत केळीच्या पानावर हातभर लांब इस्वण. फळा तिने कुणाकडून तरी वाचून घेतला होता. चपला बाहेर काढून ती सरळ पुढे गेली, भोपळे आणि भाताच्या लोंब्या जरा सरकवल्या, मधे मासळी ठेवली आणि जमिनीवर डोकं टेकलं. इंग्रज बाईंना भरून आलं. पाद्रींनी हात धरून तिला पहिल्या बाकावर बसवलं. मावशीने मान वळवून मला शोधलं आणि हसली. मी पत्रकात डोकं घातलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मला वाटलं सगळं चर्च माझ्याकडे बघतंय.

मग यादी आली. पाद्री एक नाव घ्यायचे, थांबायचे, आणि सगळे इंग्रजीत म्हणायचे, प्रभू, आमची प्रार्थना ऐक. मावशीला भाषा कळत नव्हती, पण रीत कळली. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात तेव्हा गुरवाच्या प्रत्येक मागणीला सगळे मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तिने पदर पसरला, आणि दुसऱ्या नावापासून खणखणीत आवाजात म्हणू लागली, "व्हय म्हाराजा!"

कुणी हसलं नाही. उलट पाद्री तिच्यासाठी थांबू लागले. लंडनमधल्या कुणा म्हातारीचा मोडलेला पाय, व्हय म्हाराजा. नैरोबीतलं कुणाचं तान्हं मूल, व्हय म्हाराजा. माझ्या मावशीने त्या दिवशी परक्या देशांतल्या बारा माणसांसाठी पदर पसरला. प्रत्येक नावाच्या आधी ती पुढे झुकायची, कान द्यायची, आणि नाव दुसऱ्याचंच निघालं तरी तेवढ्याच जोराने म्हणायची. मी बाकाची कड धरून बसले होते. बारावं नाव झालं. पाद्रींनी कागद मिटला. ती तशीच झुकलेली राहिली, आणखी एकाची वाट बघत. मग गाणं सुरू झालं आणि तिने पदर सावरला.

प्रार्थनेनंतर अंगणात चहा असतो. मॅडम मावशीला हाताला धरून घेऊन आल्या आणि मला हाक मारली. "तिला विचार," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "तिला कुणासाठी प्रार्थना करायची आहे का? पाद्री अजून इथेच आहेत. आत्ता, सगळ्यांसमोर नाव घेतील."

यापेक्षा आणखी काय हवं होतं? देवाने, कुठल्याही देवाने, सुटायला जागा ठेवावी ती याहून मोठी कशी ठेवावी? मी मावशीला विचारलं. तेही ऑफिसातल्या मराठीत, अहो-जाहो करून, ओळख नसल्यासारखं.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. सावकाश म्हणाली, "सांग गो बाय त्येंका, माझ्या झिलाचा नाव तुमच्या कागदार आसाच. दर ऐतवारी तुम्ही घेतास, उपकार झाले. आज माझे कान फुटले असतले, माका आयकाक येवक नाय. पाद्रीबाबाक सांग, एकदा मोठ्यान घेवा."

मी मॅडमकडे वळले. "शी सेज थँक्यू."

मॅडमनी भुवया उंचावल्या. "एवढं सगळं बोलली, त्याचा अर्थ एवढाच?"

"आमच्याकडे लांबण लावून बोलतात, मॅडम."

मॅडम हसल्या. मावशीला बिस्किटं देऊन त्यांनी तिचा हात थोपटला. मावशीने चहा संपवला, कप नळाखाली स्वतः विसळून ठेवला, रिकामी पाटी उचलली आणि गेली.

पुढच्या शनिवारी तरी मी नाव घातलं का? नाही. आता घातलं असतं तर मॅडम विचारणार, हे त्या मासेवालीच्या मुलाचं ना, मग त्या दिवशी का नाही सांगितलंस? एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. मावशीने मात्र त्यानंतर एकदाही विचारलं नाही, घातलंस का म्हणून. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, बरं झालं, विसरली. मासळी तशीच येत राहिली.

शिमगा झाल्यावर तो आला. एका दुपारी एसटीतून उतरला, हाडांचा सापळा, हातात एक पिशवी. मालकाने सगळ्यांचे पासपोर्ट ठेवून घेतले होते, बोट बंदरातच अडकून पडली होती, फोन करायची सोय नव्हती. जिवंत होता, बास. मावशी वेडीपिशी झाली. ग्रामदेवाला नारळ, देवीची ओटी, पिराला चादर, कॅथलिकांच्या क्रुसाला मेणबत्त्या. आठ दिवस ती नुसती नवस फेडत फिरत होती. आमच्या चर्चकडे तेवढी फिरकली नाही.

आणि मी! माणसाने किती निर्लज्ज असावं! तिच्या घरी पेढे खायला गेले आणि तोंड वर करून विचारलं, "मावशे, सगळीकडे जावन इलंस. आमच्या चर्चात जावक नाय मा?"

ती विळीवर बांगडे कापत होती. हात थांबला नाही.

"थंय कित्याक? थंय त्याचा नाव कोणी घेवकच नाय."

माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. "तुका कोणी सांगल्यान?"

"सांगूक कित्याक व्हया? झिलाचा नाव आवशीक आयकाक येवचा नाय? बारा नावां घेतल्यानी. माझे कान बरे आसत."

"मगे कान फुटले म्हणान कित्याक बोललंस?"

आता तिने विळी बाजूला केली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुका वाट करून दिलंय गो. म्हटलंय, पोर लाजता, आता तरी सांगात. तू थँक्यू म्हटलंस." तिने लुगड्याला हात पुसले. "गोऱ्यांक म्हावरा इकतंय मी, बाय. तेवढा इंग्रजी माका कळता."