काकूंची गाडी आणि उलट्या हाताचा डिस्ट्रिब्यूटर

त्या काळी बुलढाण्यात इंजिनाचं ऐकणारे तीन मिस्त्री होते आणि इंजिनाला ऐकवणारा एकटा मी. वय सव्वीस, केसांना तेल, ओव्हरऑलच्या खिशात फुलांचा रुमाल. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मलकापूरच्या रस्त्याला चार बल्ल्यांवर पत्रे टाकून मी गॅरेज काढलं होतं. गॅरेज कसलं, रंगमंचच तो, फक्त पडदा नव्हता.

गाडीचं काम झालं की माझा एक खेळ ठरलेला असे. बोनेट उघडं ठेवायचं, इंजिन चालू करायचं आणि त्याच्या डोक्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवायचा. थेंब सांडला तर काम फुकट. समोरच्या हॉटेलातली माणसं हातात बशी घेऊन रस्ता ओलांडून यायची. मी पाठीमागे हात बांधून उभा राहायचो आणि ग्लासाकडे बघायचोच नाही. सगळी मजा त्या न बघण्यात होती. ग्लास जागचा हलायचा नाही, लोक ‘वा’ म्हणायचे, आणि माझी छाती ओव्हरऑलच्या गुंड्यांना जड व्हायची.

अशा दिवसांत काकूंची गाडी आली.

काकू माझ्या कोणी नव्हत्या, पण सगळा मोटार स्टँड त्यांना काकूच म्हणायचा. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, जिभेला धार. नवरा वारल्यावर त्याची काळी जुनी गाडी त्यांनी मलकापूर ते बुलढाणा सवारीला लावली होती. चालवायला नवऱ्याच्याच वेळचे ड्रायव्हर चाचा होते. काकू स्वतः रोज स्टँडवर यायच्या, सवाऱ्या बसवायच्या, कोणी पोत्यावर पोतं चढवलं तर भांडायच्या.

गाडी मात्र महिनाभर खोकत होती. मी उघडून पाहिलं. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा आतून झिजून डगडग हलत होता. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे चार सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डबा. हल्ली परदेशात हे काम एक इलेक्ट्रॉनिक डबी करते म्हणे. आमच्या वेळी ते दांडा, पॉइंट आणि देवाचं नाव यांच्यावर चालायचं.

“मिस्त्री, खरं सांग,” काकू म्हणाल्या. “होईन का नाई?”

“काकू, मी हाये ना.”

“तू हायेस थे दिसून राह्यलं मले. गाडीचं इचारलं.”

मग त्यांनी सांगितलं. गाडी नवरा आणि धाकटा दीर, दोघांच्या नावावर होती. दिरांना ती विकायची होती. सोमवारी ते अकोल्याच्या एका व्यापाऱ्याला घेऊन मलकापूर स्टेशनवर उतरणार होते. दिरांनी चारचौघांत शब्द दिला होता: माणसं आणि सामान भरून गाडी एका दमात घाट चढली तर वहिनींची, मध्ये थांबली तर व्यापाऱ्याची.

“गाडी गेली का मले संग्रामपूरले नेतीन,” काकू म्हणाल्या. “दिराच्या ओसरीवर शेंगा फोडत बसवतीन. शेंगांचं मले वावडं नाई, बाबू. बसवण्याचं हाये.”

मी जळगावच्या जुन्या बाजारातून एक डिस्ट्रिब्यूटर आणला. होता दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा, पण खाचेत असा बसला की जणू सुताराने मापून घडवला. त्याच्या कॅपवरचे आकडे आमच्या क्रमाच्या उलट होते आणि बुडाशी उलट्या दिशेचा एक बाणही कोरलेला होता. मी दोन्हींकडे पाहून हसलो. आतला ठिणगी वाटत फिरणारा रोटर आमच्याच इंजिनाने फिरणार आणि आमच्याच दिशेने फिरणार, मग त्या बाणाला कोण विचारतं? तारा मी माझ्या हिशोबाने लावल्या: एक, तीन, चार, दोन. पॉइंटचा गॅप लावला, ठिणगीचं टायमिंग लावलं, आणि ग्लास मागवला.

तसा प्रयोग मी पुन्हा कधी केला नाही. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. ग्लासातलं पाणी हललंसुद्धा नाही. मी रुमालाने कपाळ टिपलं. घाम नव्हताच, पण टिपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी नाही.

“गिलास कायले चढवून राह्यला?” त्या म्हणाल्या. “मले घाट चढवाचा हाये.”

सोमवारी सकाळी चाचा, काकू आणि मी असे तिघे पाहुण्यांना आणायला निघालो. मी पुढे बसलो होतो, कोपर खिडकीबाहेर. राजूरचा घाट उतरताना गाडी लोण्यासारखी गेली. उतारावर दगडही लोण्यासारखाच जातो, हे मला त्या वेळी सुचलं नाही. काकूंना सुचलं.

घाटाखाली आल्यावर त्या म्हणाल्या, “चाचा, थांबवा. पलटवा गाडी. दोन वळणं चढून पाहू.”

“कशाला, काकू? गाडी एकदम...”

“तू उगा राह्य.”

चाचांनी गाडी वळवली. पहिलं वळण कसंबसं झालं. दुसऱ्यावर तिचा जीव गेला. चाचा पाय दाबतायत आणि गाडी जास्तच मरतेय. सायलेन्सर फाट फाट वाजतोय, रेडिएटरमधून वाफ येतेय. शेवटी ती चक्क उभी राहिली, आणि तेही तिघे जण असताना, सामान शून्य.

“दम नाई बे मिस्त्री हिच्यात,” चाचा म्हणाले. “खडी खडी बहुत अच्छी है. पण मले तं चालवा लागते ना!”

काकू खाली उतरल्या. रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या आणि पदराने हात पुसत राहिल्या, हात कोरडे असताना. माझा आत्मविश्वास तसा दणकट, पण ते पुसणं पाहून तोही जरा खाली बसला.

चाचा म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी असेल. मी गाळणी काढून पाहिली; स्वच्छ. प्लग काढले, ते ठीक. कार्बोरेटर ठीक. मग मी चाचांना जागेवरच रेस द्यायला सांगितली आणि एका हाताने डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवला. फिरवताक्षणी इंजिन गरजलं! पाय सोडला तर लगेच थडथडायला लागलं. म्हणजे जोरात चालताना ठिणगी लवकर हवी होती आणि ती येत नव्हती.

आता हे पंगतीसारखं आहे. जेवणारे सावकाश जेवत असले की वाढप्यालाही घाई नसते. ते भराभर जेवायला लागले की वाढप्याने पानापाशी थोडं आधीच पोचायला हवं. त्यासाठी डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात दोन छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे ढकलतात.

मी इंजिन बंद करून कॅप काढली आणि रोटर बोटाने फिरवून पाहिला. चांगला रोटर फिरण्याच्या दिशेने थोडा ताणला जातो आणि स्प्रिंगने परत येतो. हा त्या दिशेला ढिम्म. उलट दिशेला मात्र झुलत होता, लाडात आल्यासारखा.

मी तिथेच रस्त्यात हसायला लागलो.

“येडा झाला का रे?” काकू उठल्या.

“काकू, वाढपी उलट्या हाताचा हाये!”

तो बाण खरं सांगत होता. हा डबा उलट फिरणाऱ्या इंजिनासाठी केलेला. आमच्या गाडीत वेग वाढला की त्याची वजनं ठिणगी पुढे ढकलण्याऐवजी मागे खेचायची. जागेवर उभ्या गाडीत वजनं झोपलेली, म्हणून ग्लास स्थिर. मी आख्खी गाडी ग्लासासाठी लावली होती. रस्त्याचा विचार टाळ्यांच्या आवाजात राहून गेला होता. हे सगळं मी काकूंना सांगितलं. लपवलं नाही. लपवायला जागाच कुठे होती त्या घाटात.

“मंग आता?”

“वजनं बांधून टाकतो. ठिणगी कायमची लवकर. जोरात चालन. पण जागेवर उभी राह्यली तं थरथर कापन, आन् बंद केली तं चालू होवाले नखरे करन.”

“आन् घाट?”

“चढन.”

“गिलास ठेवून सांगून राह्यला का तसंच?”

“तसंच.”

बांधायला तार नव्हती. मी हॉर्नची तार तोडली, सोलली आणि त्या दोन वजनांना अशी आवळून बांधली, जसं चोराला बांधावं. कानाने टायमिंग लावलं. सेल्फ मारला तेव्हा इंजिनाने उलट लाथ घातली, तिसऱ्या वेळी पकडलं, आणि सगळी गाडी हुडहुडी भरल्यासारखी कापायला लागली. मडगार्ड खडखडत होते. चाचांनी कानाला हात लावले. पण पुढची दोन वळणं ती अशी चढली की चाचांनी ‘माशाल्ला’ म्हणत तिला मलकापूरकडे वळवलं.

मलकापूरला दीर आणि व्यापारी उभेच होते. दिरांनी सामान म्हणून शेंगांची दोन पोती आणली होती. शेंगा पाहून काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला दुसरीकडे बघावं लागलं. चाचांनी रेस देऊन कापणं दाबून धरलं आणि इंजिन बंद न करताच सगळे बसले. गाडी चालू लागल्यावर कापणं पार थांबलं.

आणि घाट! काय सांगू! हॉर्न नव्हता, म्हणून प्रत्येक वळणाला मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर निघून ओरडत होतो: “हटाऽऽ! बाजूऽऽ!” एक बैलगाडीवाला घाबरून उतरूनच उभा राहिला. व्यापाऱ्याने विचारलं, हा काय प्रकार? चाचा गंभीरपणे म्हणाले, “हमारे इधर ऐसाच चलता, सेठ.” गाडी थांबली नाही, धापली नाही, वाफ नाही. शेवटचं वळण संपलं आणि बुलढाण्याच्या सपाटीचं वारं लागलं तेव्हा मी आत येऊन बसलो. घसा बसला होता, पण मान ताठ होती.

गॅरेजसमोर गाडी उभी केली आणि इथे माझ्या विजयाने मलाच टांग मारली.

व्यापारी खूश होऊन उतरला. “काय ओढ हाये इंजिनाले! म्या भंगार समजून आलो होतो. भाऊसाहेब, आजच घेऊन जातो.”

दिरांचे डोळे चमकले. “पाहा वहिनी. असं गिऱ्हाईक परत नाई भेटत.”

“भाऊजी, तुमी शब्द देला होता.”

“थो भंगाराच्या वेळचा. आता तं गाडी चांगली निंगाली ना.”

मी मनात हिशोब मांडला. चढली नसती तर गेली असती. चढली म्हणून चालली होती. काकू मात्र शांत. त्यांनी पदर नीट केला.

“घ्या बाप्पा,” त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या. “पण बोनेट उघडून नीट पाहून घ्या. मंग म्हनसान, बाईनं फसवलं. मिस्त्री, बंद नको करू. चालूच राहू दे.”

मी बोनेट उघडलं. चाचांनी रेस सोडली तशी गाडी उभ्या जागी कापायला लागली. मडगार्ड खडखडले, आरसा थरथरला, सायलेन्सरमधून एक ‘फाट’ असा निघाला की हॉटेलातली माणसं बशा घेऊन रस्ता ओलांडून आली.

“हे काऊन असं करून राह्यलं?” व्यापारी मागे सरकला.

माझ्याकडे प्रेक्षक होते, संवाद माझा होता, आणि गंमत अशी की एकही शब्द खोटा बोलायची गरज नव्हती.

“सेठ, डिस्ट्रिब्यूटर या गाडीचा नाई,” मी म्हणालो. “उलट्या हाताचा हाये. पोटातली वजनं म्या आज सकाळी घाटात बांधली.”

“कायनं बांधली?”

“हॉर्नच्या तारेनं.”

“म्हनून हॉर्न नाई,” काकूंनी मदत केली.

“आन् बंद केली तं?”

“चालू होईन,” मी म्हणालो. “तिची मर्जी असली तं.”

दुरुस्त होण्यासारखं आहे का, एवढंच त्याने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, दोन तासांचं काम. त्याने विचारलं नाही. पुढच्या एस.टी.ची वेळ विचारली. ती मी सांगितली, अगदी अचूक.

दिरांनी त्याच्या पाठीकडे पाहिलं, मग हॉटेलवाल्यांकडे. चारचौघांत दिलेला शब्द चारचौघांसमोरच उभा होता. “ठीक हाये वहिनी,” ते म्हणाले. “चढली थे खरं हाये. ठेवा.”

मी दुपारीच काकूंचा जुना डिस्ट्रिब्यूटर घेऊन लेथवाल्याकडे गेलो, त्याच्याकडून पितळेचं बुश, म्हणजे दांड्याला घट्ट धरणारी नळी, करवून घेतलं, झिजलेल्या जागी ठोकलं आणि तोच डबा परत बसवला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण पितळेच्या बुशाला टाळ्या कोण वाजवतं? हॉर्नची तारही नवी घातली. संध्याकाळी एकटाच गाडी घेऊन घाट उतरलो, चढलो, आणि मगच काकूंना किल्ली दिली. काकू म्हणाल्या, “गिलास?” मी म्हणालो, “नाई.” त्यांनी पहिल्यांदाच माझ्यासाठी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी स्टँडवर पहिल्या नंबरला होती. दिरांना परत जायचं होतं, म्हणून ते मागच्या सीटवर मधोमध ऐसपैस बसले. चाचांनी सेल्फ मारला. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं आणि हळू, गोल आवाजात चालू राहिलं.

दीर एकदम सरळ झाले. “वहिनी, काल तं हे थरथर कापून राह्यली होती!”

“काल तिच्या पोटात परका होता, भाऊजी,” काकू म्हणाल्या, आणि दार उघडून एका बाईला तिच्या दोन पोरांसकट आत घेतलं. “सरका जरा तिकडं. अजून एक सवारी बसाची हाये.”