चांगदेवचा गच्चीवरचा अँटेना

आमच्या सोसायटीत चांगदेवला सगळे 'हॅलोवाला' म्हणायचे. मी सेक्रेटरी, पण मीही म्हणायचो. मूळचा करावे गावचा कोळी. सीवूड्सच्या आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारा. बोटींवरचे वायरलेस सेट दुरुस्त करण्यात त्याचा उभा जन्म गेला. घरी त्याचा स्वतःचा एक सेट होता. सरकारचा परवाना घेऊन हौसेनं रेडिओवर बोलणारे लोक असतात, त्यांना हॅम म्हणतात. चांगदेव त्यांतला. सकाळी आठ वाजले की त्याच्या गॅलरीतून ठरलेली हाक ऐकू यायची आणि मी अंघोळीला उठायचो.

ही हाक कोणाला असते, हे मला सहा वर्षांनी कळलं, तेही त्याची बायको चंदा बोलून गेली म्हणून. हर्णैला त्याचा मोठा भाऊ सिताराम राहायचा. सिताराम जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. टेबलावर बोट वाजवून चांगदेवला मोर्स त्यानंच शिकवलं आणि परवान्याच्या परीक्षेला त्यानंच बसवलं. पुढे गावठाणातलं वडिलांचं घर बिल्डरला द्यायचं की नाही यावरून दोघांचं बिनसलं. चांगदेव म्हणाला द्यायचं, सिताराम म्हणाला माझ्या मढ्यावरून. घर गेलं. त्याच जागेवर आमची इमारत उभी आहे. सिताराम बायकोच्या गावी, हर्णैला निघून गेला तो पुन्हा इकडे फिरकला नाही. फोन बंद, लग्नकार्याला येणं-जाणं बंद.

पण हॅम लोकांची एक रीत आहे. आपली कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची खूण, घेऊन कोणी हाक मारली तर ओ द्यायची, मग तो वैरी का असेना. घर सोडल्यावर आठवड्याभरानं सितारामनं सकाळी आठला हाक मारली, चांगदेवनं ओ दिली, आणि ते बारा वर्षं चाललं. बोलायचे ते काय? तुझा आवाज फाईव्ह नाईन, म्हणजे स्वच्छ आणि खणखणीत. इकडे वारा वायव्येचा. आज सुरमई आली. दोन मिनिटांत खेळ खलास. एवढ्या वर्षांत चांगदेवनं रेडिओवर एकदाही 'दादा' म्हटलं नाही. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा, असे दोघं हट्टी.

आता माझा पराक्रम सांगतो. चांगदेवचा अँटेना म्हणजे वीस मीटरची साधी तार, गॅलरीपासून कंपाउंडमधल्या जुन्या चिंचेला बांधलेली. तिच्यावर कावळे बसायचे आणि खाली तळमजल्यावरच्या मालतीबाईंचं वाळत घातलेलं धुणं घाण व्हायचं. गेल्या दिवाळीला इमारतीला नवा रंग दिला, तेव्हा मी लेटरहेडवर नोटीस काढली. सदर तार विद्रूप दिसते, सात दिवसांत काढावी. वर मोठेपणाही दाखवला. "गच्ची देतो की," म्हटलं, "लाव तिथं हवा तेवढा उंच अँटेना."

तो खूश झाला, हे आता सांगायलाही लाज वाटते. बोटीवर सगळा कारभार उंचीचा असतो. काठी जेवढी उंच, तेवढा सेट लांबचं पकडतो. जन्मभर त्यानं डोलकाठीवर चढून हेच केलेलं. "खालच्या तारंवर हर्नै एवढा चांगला येतंय," तो म्हणाला, "तर सात मजल्यांवरनं काय येल, बगा तुमी!" ॲल्युमिनियमच्या नळ्या जोडून त्यानं दहा मीटरची उभी काठी केली आणि जाळ्याच्या दोरांनी तिला चहूकडून ताण दिले. मी खालचं टोक धरून उभा होतो. संध्याकाळी जपानचा माणूस बोलला. चंदानं जिन्यात पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी आठला हर्णै आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही.

"दादा आवाज देत नाय," चांगदेव मला म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. हवा खराब असेल, असं मी म्हटलं. मला त्यातलं काय कळतंय? आठवड्यानं तो कारण शोधून आला. "रागावलाय. चंदानं नव्या रंगाच्या बिल्डिंगचा फोटो टाकला ना ग्रुपवर. स्नेहलनं बापाला दाखवला असंल." स्नेहल म्हणजे सितारामची मुलगी. पुणं, कोल्हापूर, नाशिक, तिथल्या हॅम लोकांचे आवाजही सगळेच बारीक झाले होते, पण तिकडे लक्ष कोण देतो? रुसलेल्या माणसाचं गप्प राहणंच तेवढं कानात भरतं.

"अरे, मग फोन कर," मी म्हटलं.

"मी कशाला करू? बंद त्यानं केलंय."

तरी रोज आठला बसायचा आणि तीनदा हाक मारून सेट बंद करायचा. त्याची गॅलरी लवकर गप्प व्हायला लागली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

महाशिवरात्रीच्या सुमाराला स्नेहलचा फोन आला. सिताराम गेला होता. दोन महिने अंथरुणावर होता, आणि काकाला कळवायचं नाही अशी त्यानं तिला शपथ घातली होती.

दिवसकार्य आटोपून चांगदेव परतला, त्या दुपारी त्यानं मला खाली बोलावलं. टेबलावर एक वही होती. हॅम माणूस कोणाशी, किती वाजता बोलला ते रोज वहीत लिहून ठेवतो. ती सितारामची वही होती, स्नेहलनं दिलेली.

"वाचा, सेक्रेटरीसाहेब," तो म्हणाला. "मोठ्यानं."

मी वाचायला लागलो. नोव्हेंबरपासून रोज एक ओळ. आठ वाजता, चांग्या, उत्तर नाही. आठ वाजता, चांग्या, उत्तर नाही. डिसेंबरात अक्षर वाकडं व्हायला लागलं, पण ओळ चुकलेली नव्हती. मग एका पानावर जास्त मजकूर होता. 'पुण्यालाही चांग्या ऐकू येत नाही. कोलकात्याला येतो. म्हणजे तार काढून उंच काठी उभी केली आहे. बोटीची अक्कल. खाली आणायला सांगितलं पाहिजे. पुण्याकरवी निरोप नको, घरचं भांडण हवेत जाईल.'

मला काही उमगेना. चांगदेवनंच समजावलं, अगदी शांतपणे. बागेतल्या पाइपाचं तोंड आभाळाकडे केलं तर पाणी वर जाऊन आसपासच पडतं. आडवं धरलं तर लांब जातं, पायाजवळ थेंब नाही. रेडिओची लाटही आभाळावर आपटून खाली येते. खालची तार तिला सरळ वर सोडायची, म्हणून ती हर्णैला पडायची. उभी काठी तिला लांब फेकत होती, हर्णैच्या डोक्यावरून, आणि हर्णैची वरून उतरणारी हाकही तिला पकडता येत नव्हती. "दादानं शिकवलं होतं हे," तो म्हणाला. "परीक्षेत लिवलं पन होतं मी."

"वाचा पुढं."

पुढच्या पानावर होतं, 'आज फोन करीन.' दुसऱ्या दिवशीही, 'आज फोन करीन.' असे अकरा दिवस. शेवटची ओळ होती, 'फोन हातात घेतला होता. चांग्या म्हणेल दादा हरला. उद्या.'

उद्याची ओळ नव्हती.

"रुसला नव्हता हो तो," चांगदेव म्हणाला, आणि हे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. चंदानं येऊन वही उचलली. मी नोटिशीबद्दल काही बोललो नाही, आणि त्यानंही बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच शिडी आणली आणि तार चिंचेला परत बांधली. मीटिंग नाही, ठराव नाही. मालतीबाईंनी धुणं मुकाट्यानं दुसरीकडे हलवलं. आठ वाजता मी चांगदेवला सेटसमोर बसवलं. त्यानं हाक मारली आणि लगेच ओ आली, शेजारच्या खोलीतून यावी तशी खणखणीत. "फाईव्ह नाईन, सर, एकदम फाईव्ह नाईन! दापोलीहून बोलतोय."

दापोलीहून हर्णै पंधरा-सोळा किलोमीटर.

चांगदेवनं माइक माझ्या हातात दिला आणि तो आत निघून गेला. मला परवाना नाही, त्या सेटवर बोलायची मला मुभा नाही. मी तसाच बसून राहिलो. दापोलीचा माणूस बराच वेळ चांगदेवची कॉलसाइन घेऊन हाका मारत होता.