शनिवारची पार्टी

नर्सिंग हॉस्टेलच्या मेसमध्ये साठ जणींचा स्वयंपाक करता करता मावशीची एकवीस वर्षं गेली, आणि एवढ्या वर्षांत तिने काही फेकलं असेल तर ती अंड्याची टरफलं. बाकी सगळं फिरून ताटात. कालचा भात, परवाची डाळ, पावाच्या कडा, कोबीचा दांडा, उकडून उरलेले बटाटे. नर्सा बोटं चाटायच्या आणि विचारायच्या, "मावशी, आज काय नवीन केलंय?" मावशी म्हणायची, "मुकाट गिळा." नवीन कसलं, कपाळ! परवाच त्या डाळीला नावं ठेवून उठल्या होत्या, आणि आज तीच डाळ भातात मळून, चपटी करून, तव्यावर खरपूस भाजून आली तर तिसऱ्यांदा मागत होत्या.

"उरलेल्याला कालचं तोंड दाखवू द्यायचं नाही," ती भांडीवालीला शिकवायची. "भात भातासारखा वाढलास की मेला शिळाच दिसतो. त्याचं रूप बदल. एक जिन्नस मात्र आजचा पाहिजे, लिंबू म्हण, मिरची म्हण. आणि तीनाच्या वर उरलेल्या गोष्टी एका पातेल्यात कोंबू नकोस. मग ते माणसाचं खाणं राहत नाही." ह्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र तिला खपत नसे. पातेल्यात उरलं ते उरलं, ताटात उरलं तो कचरा. एकदा भांडीवालीने कुणाच्या तरी ताटातला, हातही न लागलेला बटाटा उचलून परत पातेल्यात टाकला. मावशीने ते अख्खं पातेलं कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं आणि भांडीवालीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या दिवशी साठ जणी नुसत्या डाळीवर उठल्या. एवढ्याशा बटाट्यावरून एवढं आकांडतांडव कशाला, ते कुणालाच कळलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मावशी मेसच्या मागच्या खोलीत राहायची. तीन महिन्यांनी नोकरी संपणार होती आणि नोकरीबरोबर खोलीही जाणार होती. पण तिला त्याचा घोर नव्हता. लेकीने आपल्या घरातली मागची खोली आईसाठी रंगवून घेतली होती. खिडकीपाशी खुर्ची ठेवली होती, पलंग ठेवला होता. लेक औषधाच्या दुकानात कामाला, जावई शब्दाबाहेर नाही, नात सहा वर्षांची, आणि एक विहीणबाई, नाक उडवणाऱ्या, पण मावशीच्या हातचं जेवताना ते नाक गप्प ठेवणाऱ्या. "आई, तू ये बाई लवकर," लेक म्हणायची. "रोज तुझ्या हातचं मिळेल."

लेकीला आईचा भारी अभिमान. बाप ती दोन वर्षांची असताना गेला तो गेलाच. आई हॉटेलात भांडी घासायची, पण पोरीला कधी उपाशी झोपू दिलं नाही, हे ती चार लोकांत हक्काने सांगायची. आणि सांगताना गाडी हमखास शनिवारच्या पार्टीवर यायची. शनिवारी हॉटेलचे मालक मायलेकींसाठी काही ना काही बाजूला काढून ठेवायचे. आई डबा भरून आणायची. मटणाचे तुकडे असायचे, तळलेला बटाटा असायचा, कधी क्रीमचा केक. आई ते घरी पुन्हा परतायची, कांदा घालायची, आणि दोघी जमिनीवर चादर पसरून जेवायच्या. अजूनही कुठे केक दिसला की लेकीला ती चादर आठवायची. तिच्या बालपणात सांगण्यासारखं तेवढंच होतं.

आता मास्तरांकडे वळू. निवृत्त शाळामास्तर, दर रविवारी दुपारी मेसच्या हॉलमध्ये लेखनाचा वर्ग घ्यायचे. स्वतःचं पुस्तक एकच, तेही बारा वर्षांपूर्वीचं, त्याच्या प्रती त्यांच्याच कॉटखाली. तेव्हापासून दुसऱ्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवण्याचा धंदा. एका रविवारी ते म्हणाले, "लेखकाने काही म्हणजे काही टाकायचं नसतं."

वाढपाच्या खिडकीतून मावशी बोलली, "मग वास मारेल की, सर!"

वर्ग खो खो हसला. मास्तर हसले नाहीत, त्यांनी तिला आत बोलावलं. उरलेल्याचं ती काय करते, ते विचारलं. मावशीने भांडीवालीला सांगायची तेच सांगितलं. रूप बदला, ताजं एक घाला, तीनाच्या वर कोंबू नका. वर्गातल्या बारा जणांनी ते वहीत उतरवून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मावशीचं बोलणं कुणीतरी लिहून घेत होतं. अंगावर मूठभर मांस चढलं बाईच्या.

मग तीही लिहू लागली. नर्सांच्या गमती, भांडीवालीची भांडणं, वॉर्डनबाईंचा बोका. हाताला चव होती, ती कागदावरही उतरली. पण मास्तरांचं समाधान होईना.

"चविष्ट आहे, मावशी," ते म्हणाले. "पण पोट भरत नाही. तुम्ही काहीतरी झाकून ठेवलंय."

मावशी चमकली. म्हणाली, "झाकलंय ते माझ्या एकटीचं नाही, सर. पातेल्यातलं घ्यावं माणसाने. ताटातलं घेऊ नये."

"लेखक ताटातलंच घेतो हो," मास्तर म्हणाले. "पातेल्यातलं कोण वाचतं?"

ह्यावर तिने उठून जायला हवं होतं. बटाट्यासाठी पातेलं उपडं करणारी बाई ती! पण नाही. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागे. चार दुपारी बसून तिने ते लिहून काढलं.

काय लिहिलं? तर हे. मालकाने काही बाजूला काढलेलं नव्हतं. मालकाला तिचं नावही माहीत नव्हतं. शनिवारी गर्दी असायची, ताटात टाकून उठणारे जास्त असायचे, म्हणून शनिवारची पार्टी. टेबलावरून उचललेली ताटं मोरीत यायची, आणि पाणी पडायच्या आत ती त्यांतलं निवडून घ्यायची. घरी आणून गरम पाण्यातून काढायची. जिथे दात लागलेले दिसत तेवढी कड सुरीने कापायची. मटण बारीक चिरायची म्हणजे चावा ओळखू येत नाही. केकवरचं क्रीम चमच्याने सारखं करायची. पोर समोर बसून टाळ्या वाजवायची. सात वर्षांची असताना पोरीने मालककाकांना पत्र लिहिलं होतं, वर फुलाचं चित्र काढून, तुम्ही खूप चांगले आहात म्हणून. ते मावशीने हॉटेलच्या भट्टीत टाकलं होतं.

सगळं जसंच्या तसं. उरलेल्याचं रूप बदला म्हणून जगाला शिकवणाऱ्या बाईने लेकीचं मात्र काही बदललं नाही. मनाची समजूत तिने छान घातली होती. लेकीला कळलं तर ती रडेल, मग गळ्यात पडेल, म्हणेल, आई, माझ्यासाठी तू केवढं केलंस! असं व्हायला पाहिजे असं तिला इतकं वाटत होतं की तसंच होणार अशी तिची खात्री झाली.

वर्गाचा वर्षाचा कार्यक्रम झाला. मास्तरांनी परस्पर लेकीला बोलावलं. ती आली, ठेवणीतली साडी नेसून, नातीला आणि विहीणबाईंना घेऊन, दुसऱ्या रांगेत बसली. एका साप्ताहिकाचे संपादकही होते. मावशीच्या हातात दोन कागद होते. एकात वॉर्डनबाईंचा बोका, दुसऱ्यात शनिवारची पार्टी. लेकीला बघून तिने बोका वर घेतला, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. पण तिच्या आधीच्या गृहस्थांनी पाऊण तास चंद्रावर वाचलं होतं, निम्मा हॉल पेंगत होता, आणि मास्तर कानाशी येऊन म्हणाले, "बोक्यावर कोण जागं होणार? ते दुसरं वाचा."

तिने ते दुसरं वाचलं.

हॉल जागा झाला. असा जागा झाला की पंख्याचा आवाज येऊ लागला. मावशीने मान वर केली तेव्हा लेक पदराने तोंड पुसत होती. घाम पुसतात तसं नाही. ओठ पुसत होती, दाबून, पुन्हा पुन्हा. मावशीला ते स्पष्ट दिसलं. दिसलं आणि दात लागलेल्या कडेचं वाक्य तिने मुद्दाम सावकाश वाचलं, कारण पहिल्या रांगेतले संपादक पुढे झुकले होते. पत्राच्या जागी लोक हसले, भट्टीच्या जागी चुकचुकले. विहीणबाईंनी आपली खुर्ची सहज म्हणून चार बोटं बाजूला घेतली. आणि नातीने खणखणीत आवाजात विचारलं, "आई, तू लोकांचं उष्टं खायचीस?"

टाळ्या थांबता थांबेनात. मावशी खाली उतरली ती थेट लेकीकडे, हात पसरून.

"बघितलंस? किती लोक रडले!"

"पत्र तू जाळलंस?" लेकीने विचारलं.

"अगं, तेव्हा काय करणार होते मी?"

"काही नाही. जाळलंस ते बरं केलंस. खायला घातलंस तेही बरं केलंस. पण मला सांगायचं नव्हतं ना तुला? मग नव्हतंस सांगायचं, मरेपर्यंत. नाहीतर मला एकटीला सांगायचंस." लेकीचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "लहानपणातलं तेवढं एकच चांगलं होतं माझ्याकडे, आई. ते तू ह्या लोकांना वाढलंस."

आणि ती नातीचा हात धरून गेली. मास्तर मागून आले नि म्हणाले, "मावशी, हे आत्ताचंसुद्धा लिहून ठेवा." असल्या माणसाला काय म्हणावं! पण मावशीने तरी कुठे त्याला हाकललं.

साप्ताहिकात फोटोसकट ते छापून आलं. औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकं लेकीला म्हणू लागली, "तुम्हीच का त्या?"

नोकरी संपली तशी लेक ठरल्याप्रमाणे आईला न्यायला आली. शब्द दिला होता तो पाळला, रंगवलेली खोली दिली, खिडकीपाशी खुर्चीही होती. फक्त स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. "तू बस. आयुष्यभर खूप केलंस," म्हणायची, आणि ते ऐकताना शिवी बरी वाटावी. मावशीच्या हातचा पाण्याचा पेलासुद्धा ती घेत नसे. जेवणं झाली की पातेल्यातला उरलेला भात, चांगला, मोकळा, ताजा भात, सरळ डब्यात. पहिल्या दिवशी मावशी न राहवून म्हणाली, "अगं, उद्या सकाळी मी त्याचं..."

"ह्या घरात टाकतात, आई," लेक म्हणाली आणि डबा बाहेर ठेवून आली.

बोलणंही तसंच. मावशी दारात आली की घर गप्प. विहीणबाई मोठ्याने म्हणत, "हळू बोला रे, लेखिका आल्या." जावई टीव्हीचा आवाज वाढवी. एवढं भरलं घर, पण मावशीच्या वाट्याला एक चुकार शब्द पडेना. तिकडे संपादकांचं पत्र आलं, दुसरं लिखाण पाठवा, वाचक विचारताहेत. मावशी वही घेऊन खुर्चीत बसायची. बोका लिहिला, फाडला. भांडीवाली लिहिली, फाडली. चव आता तिची तिलाच कळत होती, आणि ते सगळं अळणी लागत होतं. पातेलं खरवडून झालं होतं.

असे दोन महिने गेले. एका दुपारी लेक कामावर, विहीणबाई झोपलेल्या. नात खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. एका पायावर, मग दुसऱ्या पायावर.

"काय गं, बाळा?"

"काही नाही. आई म्हणते, आज्जीला सांगितलं की सगळ्यांना कळतं."

मावशीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "नाही गं सांगणार कुणाला. ये इकडे."

"शप्पथ?"

"तुझ्या गळ्याची शप्पथ."

नात आली, आज्जीच्या मांडीवर चढली आणि तिच्या कानाला तोंड लावलं. "आई ना, जेवली की बाथरूममध्ये जाऊन ओकते. रोज. नळ सोडून ओकते, म्हणजे बाबांना ऐकू जात नाही. मला येतं. तुझा तो कार्यक्रम झाला ना, तेव्हापासून."

 मावशीला वाईट वाटलं, ते खोटं नव्हतं. तिने नातीला छातीशी धरलं, तिच्या केसांवरून हात फिरवला, दोघींचे डोळे पुसले आणि तिला बाहेर खेळायला पाठवलं. मग दार लोटून घेतलं, खुर्ची खिडकीकडे ओढली आणि वही काढली. "नळ सोडून" ह्या दोन शब्दांपासून सुरुवात करायची, हे तिला नात बोलत होती तेव्हाच कळलं होतं.