अडलं तर कुठं?

"अडलं तर कुठं?" आमच्या गल्लीतल्या काकूंचा हा ठरलेला प्रश्न. कुणाला दिवस गेलेत असं कळलं की बाकीच्या बायका पेढे मागायच्या आणि ह्या हे विचारायच्या. अशा वेळी असलं अभद्र बोलतं का कुणी? तुम्हीच सांगा. माझ्या सासूबाई तर त्यांना येताना बघून दार लोटून घ्यायच्या.

माझं सगळं नॉर्मल होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उचगावचं छोटं प्रसूतिगृह चालेल. मलाही ते पसंत होतं, घरासारखं वाटायचं. एकदा खोली बघायला निघाले, तर काकू न बोलावता रिक्षात येऊन बसल्या.

खोली बघायला त्या आत आल्याच नाहीत. दारातल्या अँब्युलन्सभोवती एक चक्कर मारली आणि सिस्टरना गाठलं.

"अडलं तर कुठं?"

"मोठ्या दवाखान्यात, काकू. गाडी दारातच असती की."

"गाडी हाय. डायवर कुठाय?"

"चहाला गेलाय."

झालं! काकूंनी पायरीवर ठाण मांडलं. तो आल्यावर त्याची अशी खरडपट्टी काढली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना मी चिडून बोलले. त्या खाली बघत म्हणाल्या, "माझ्या लेकीचंबी समदं चांगलंच हुतं गं. सासर दवाखान्याला लागून. पर पयलं बाळंतपण म्हायेरीच, म्हणून मीच हट्टानं गावाकडं आणली. अडली. शेजाऱ्याची जीप दारात हुती, डायवर लग्नाला गेलता. बाळबी गेलं, लेकबी गेली."

मला रडू फुटलं. काकू रिक्षावाल्याला म्हणाल्या, "हळू घे रं, पोटुशी हाय."

माझ्या बाळंतपणाला काकू सकाळपासून त्या अँब्युलन्समध्ये, डायव्हरशेजारी. त्याला भाकरी वाढली, थर्मासमधला चहा पाजला, पण खाली उतरू दिलं नाही. मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा आत आल्या, लांबूनच तिची दृष्ट काढली आणि घरी गेल्या. पुढं गल्लीतल्या प्रत्येकीच्या वेळी हेच.

गेल्या दिवाळीआधी काकू गेल्या.

परवा धाकट्या जावेला कळा सुरू झाल्या, तिला घेऊन तिथंच गेले. फार आठवण आली त्यांची. बाहेर तोच डायव्हर स्टिअरिंगपाशी बसून होता.

म्हटलं, "अहो, जा की. चहा घेऊन या. अजून वेळ आहे."

शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघून तो म्हणाला, "काकू हुत्या तवा त्येंना डुलकी लागली की डोळा चुकवून जायाचो, ताई. आता कसं जाऊ?"