तुटकं मांडायचं नाही

माझी मेहुणी शिक्षिका आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे जेवायला आली की आधी ताटाची कड पाहते, मग भाजी. बायकोची लहान बहीण म्हणून घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. केस पांढरे झाले, चष्म्याची भिंगं जाड झाली, तरी ती धाकटीच. शाळेतली मुलं मात्र तिच्या पाठीमागे तिला टापटीपबाई म्हणतात. हे नाव आपल्याला ठाऊक नाही असं ती दाखवते, आणि आम्ही तिला तसं दाखवू देतो. म्हणजे बायको देते. मला जमत नाही.

तिने लग्न केलं नाही. का, याच्या आमच्या गल्लीत बऱ्याच कथा आहेत. त्यातली माझी आवडती अशी, की एक चांगला नोकरीवाला मुलगा पाहायला आला होता, पण त्याच्या शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं होतं, म्हणून हिने नकार दिला. धाकटी म्हणते, हे साफ खोटं आहे. दोरा तोच होता, बटण वेगळं होतं.

शाळेत ती वरच्या वर्गांना विज्ञान शिकवते, पण तिचा खरा जीव प्रकल्पांत. पुस्तकातला धडा कसाही उरकेल, प्रकल्प मात्र मुलांनी बाहेर जाऊन, मोजून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून करायचा. तिने मुलांना गळक्या नळाखाली बादली लावून बसवलंय, फाटकाशी उभं करून गाड्या मोजायला लावलंय. झेंड्याच्या खांबाची सावली मोजायला लावली त्या वर्षी रखवालदाराच्या डुलकीची वेळसुद्धा आपोआप नोंदली गेली, आणि तो बिचारा कित्येक महिने धाकटीला रस्त्यात टाळत होता.

हे सगळं वर्षाच्या शेवटी सभागृहात प्रदर्शन म्हणून मांडलं जायचं. तिथे धाकटीचा एकच नियम होता, तुटकं मांडायचं नाही. वाकलेला पुठ्ठा, निघालेली चिकटपट्टी, खाडाखोड, काही चालायचं नाही. आदल्या दिवशी ती टेबलांमधून फिरायची. जिथे काही मोडलेलं दिसेल तिथे बोट ठेवायची, एवढंच. ओरडणं नाही, रागावणं नाही. गुण मात्र जायचे. तिच्या हाताखालून गेलेला एक मुलगा आता आमच्या भागातला दातांचा डॉक्टर आहे. दात उपटला की तो ट्रे पुसतो, दात मधोमध ठेवतो आणि मगच दाखवतो.

तर गोष्ट या वर्षीची. शाळेला लागून एक मोकळा प्लॉट होता. तिथे उंच इमारत बांधायची म्हणून कुणीतरी खोल खड्डा खणला. खड्ड्यात पाणी लागलं, आणि ते उपसायला पंप बसला. रात्रंदिवस धक् धक्. आमचं घर खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूला, त्याच रस्त्यावर, त्यामुळे तो आवाज आमच्याही वाट्याला आला. पहिले काही दिवस झोप लागेना, मग त्याच आवाजावर झोप लागायला लागली. बायको म्हणाली, तुमच्या घोरण्याला आता तोलामोलाची साथ मिळाली.

त्याच सुमारास सभागृहाच्या भिंतीला भेग दिसली. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून तिरकी जमिनीकडे गेलेली, केसाएवढी. दुसरं कुणी असतं तर तिच्यावर कॅलेंडर टांगलं असतं. धाकटीने तिच्यावर प्रकल्प काढला.

पद्धत सोपी होती. भेगेवर आडवी, पातळ प्लास्टरची पट्टी लावायची आणि वर तारीख लिहायची. भिंत हलत नसेल तर पट्टी शाबूत राहते. भिंत जरा जरी सरकली तरी पट्टी तडकते. नववीतल्या चौघांना तिने हे काम दिलं. त्यांची म्होरकी होती एक काटकुळी मुलगी, फार भराभर बोलते म्हणून वर्ग तिला चिमणी म्हणतो. मधल्या सुट्टीत चौघांनी जाऊन पाहायचं आणि जे दिसेल ते तक्त्यावर मांडायचं.

महिने गेले. तक्ता देखणा झाला. निळ्या शाईत ओळीने एकच नोंद: पट्टी शाबूत. धाकटीने चौघांना पैकीच्या पैकी गुण दिले आणि आमच्याकडे येऊन चहा पिता पिता त्यांचं कौतुक केलं. मी म्हटलं, भिंत काय, तुझ्या धाकाने उभी राहिली असेल. ती हसली. त्याच दिवशी आमच्या स्वयंपाकघराचं दार चौकटीत अडकलं होतं. बायकोच्या मते मी ते आपटतो, माझ्या मते ती आपटते. सुताराला बोलावून कड तासून घेतली. सुतार म्हणाला, हल्ली हेच काम फार येतंय, आताच शाळेच्या सभागृहाचं दार तासून आलो. हवेने लाकूड फुगलं असेल, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. हवा तर चांगली कोरडी ठणठणीत होती.

प्रदर्शन जवळ आलं. धाकटी टेबलं कुठे लावायची हे पाहायला एकटीच सभागृहात गेली. शाळा सुटली होती. पंप चालू होता. भिंतीपाशी जाऊन तिने सवयीने पट्टीवरून बोट फिरवलं, धूळ आहे का बघायला. आणि तिचं बोट अडखळलं.

पट्टी पातळ असायला हवी होती. ही भिंतीतून चांगली पुढे आली होती, जखमेवर खपलीवर खपली धरावी तशी. कडेने पाहिलं तर थरावर थर दिसत होते. सगळ्यांत वरचा थर ताजा, तरी मधोमध तडकलेला. त्यावर तारीख मात्र पहिल्या दिवसाची.

दुसऱ्या दिवशी तिने चौघांना बोलावलं. चिमणीने न घाबरता, उलट जरा अभिमानानेच सांगितलं, आणि ते सगळं धाकटीने जसंच्या तसं आमच्या स्वयंपाकघरात बसून आम्हाला सांगितलं.

“बाई, ती तुटायची ना, मग आम्ही लगेच नवीन लावायचो. तारीख पण तीच लिहायचो, अक्षर पण तेच. तुम्हाला कळलं पण नाही ना?”

धाकटीने विचारलं, किती वेळा तुटली. चिमणीने बाकीच्यांकडे पाहिलं. सुरुवातीला पुष्कळ दिवस टिकायची, ती म्हणाली, मग आठवडाभर, मग दोन-तीन दिवस. आता मधल्या सुट्टीत लावली की शाळा सुटेपर्यंत जाते. म्हणून हल्ली आम्ही जाड लावतो, बाई. दोघं लावतात, दोघं दारात उभे राहतात, तुम्ही आलात तर.

 थट्टा करायची माझी वेळ होती, पण मी उठून खिडकी लावली. मागे पंप चालला होता.

मुख्याध्यापकांकडे ती त्याच दिवशी गेली होती. हे गृहस्थ तसे वाईट नाहीत. फक्त त्यांना कुठलीही अडचण कागदावर मिटली की ती मिटली असं वाटतं. तिने सांगितलं, पाण्याच्या उपशाने खालची जमीन बसते आहे, भिंत सरकते आहे, सभागृह बंद करा, प्रदर्शन तिथे नको. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, बाई, शेजारच्या खड्ड्याबद्दल पालकांनी ओरड केली तेव्हा संस्थेला मी काय कळवलं ठाऊक आहे? आमच्या विद्यार्थ्यांनी स्वतः संशोधन केलंय, भिंत तसूभर हललेली नाही. सोबत तुमच्याच वर्गाच्या तक्त्याचा फोटो जोडला. आता मी काय सांगू, की पोरांनी थाप मारली आणि बाईंनी तिला पैकीच्या पैकी दिले? शिवाय प्रमुख पाहुणे ठरलेत. अख्खी शाळा, वर पालक. एवढी माणसं बसवायची कुठे, तुमच्या तळहातावर?

 स्वच्छ, निळ्या शाईतला धाकटीचा स्वतःचाच तक्ता त्यांनी तिच्यासमोर धरला होता.

बायको म्हणाली, तू आजारी पड. रजा घे, तुझ्यावर काही येणार नाही. धाकटी म्हणाली, माझ्यावर काय यायचं ते येऊ दे ग, छत त्यांच्यावर येईल.  जाताना मला म्हणाली, “भावोजी, मुलांनी मला फसवलं नाही हो. मी शिकवलं तेच केलं.”

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ती सभागृहात गेली. छिन्नीने सगळे थर खरवडून काढले. भेग आता केसाएवढी नव्हती, तिच्यात पोस्टकार्ड उभं राहिलं असतं. शेजारीच तिने स्वतःच्या हाताने एक नवी पट्टी लावली, नियमाप्रमाणे पातळ, आणि समोर बाकावर वह्या तपासत बसली. वर्ग दुसऱ्या बाईंकडे सोपवले होते. पट्टी वाळली, पांढरी झाली. धाकटी सांगते की आवाज अगदी लहान होता, नखाने टिचकी मारावी तेवढा. वर पाहिलं तर पट्टीच्या मधोमध काळी रेघ होती. तेव्हा अजून मधली सुट्टीही झाली नव्हती.

तिने वह्या उचलल्या, सभागृहाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. प्रदर्शनाची प्रमुख तीच, त्यामुळे किल्ली तिच्याकडे असण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग वर्गावर्गात जाऊन तिने सांगितलं की प्रदर्शन मैदानात होईल, रस्त्याच्या बाजूच्या टोकाला. आणि शेवटी असं काही सांगितलं की मागच्या बाकावरचेसुद्धा ताठ बसले. जे तुटलं असेल ते तसंच आणा. चुकलेलं माप खोडू नका. गुण त्याचेच आहेत. मुख्याध्यापकांना कळलं तोवर निरोप घरोघर पोचला होता.

प्रदर्शनाच्या दिवशी मीही गेलो होतो. असला तमाशा मी कशाला सोडतो? मैदानात टेबलं, त्यांवर एकेक अवतार. न चालणारी पवनचक्की, वाकडा लंबक, उगवलंच नाही अशा रोपाची कुंडी आणि तिच्यामागे दुःखी चेहऱ्याचा तिचा मालक. शेवटच्या टेबलावर चिमणी आणि तिचे तिघे, पुढ्यात प्लास्टरचे खरवडलेले तुकडे आणि नवा तक्ता. पालकांचे चेहरे पाहण्यासारखे होते. दातांचा डॉक्टर आला होता, त्याला तर भोवळच यायची बाकी होती.

मुख्याध्यापक उन्हाने आणि रागाने लाल झाले होते. प्रमुख पाहुण्यांना त्यांनी हसत हसत सांगितलं की आमच्या बाईंना जरा भीती वाटली, त्यांचीही आता निवृत्ती जवळ आली आहे. चला, सभागृह दाखवतो, तुम्हीच पाहा. आणि सगळ्यांसमोर धाकटीपुढे हात केला. तिने पर्समधून किल्ली काढून दिली.

आम्ही सगळे मागोमाग गेलो. किल्ली फिरली, कुलूप निघालं, कडी सरकली. दार मात्र हललं नाही. मुख्याध्यापकांनी ढकललं. मग शिपायाने ढकललं. दार चौकटीत घट्ट चिणल्यासारखं बसलं होतं, आणि वरच्या कोपऱ्यात चौकट त्याच्यावर चक्क कलली होती. थोड्याच दिवसांपूर्वी तासलेलं दार ते. शिपाई चार पावलं मागे सरला आणि खांदा लावायला धावणार, तेवढ्यात धाकटी मधे आली. आवाज चढवला नाही. वर्गात बोट ठेवते तसं तिने चौकटीवर बोट ठेवलं.

“नका ढकलू. वरचा भार आता ह्या दारावर आहे.”

 वरून थोडी माती भुरभुरली आणि पाहुण्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर पडली. आतून, म्हणजे रिकाम्या सभागृहातून, खिडकीची एक काच आपोआप तडकल्याचा आवाज आला. सगळ्यांत आधी मागे फिरले ते पाहुणे. त्यांच्या मागे मुख्याध्यापक, जवळजवळ धावतच, आणि धावता धावता ओरडत की मुलांना फाटकाबाहेर काढा. मुलं आधीच फाटकाच्या बाजूला होती. बाईंनी टेबलं तिथेच लावली होती.

ही झाली गेल्या महिन्याची गोष्ट. सभागृह अजून उभं आहे. भोवती दोऱ्या बांधल्या आहेत, शाळा दुसरीकडे भरते, तज्ज्ञ येतात, वर बघतात आणि निघून जातात. पंप बंद करायचा की नाही यावर त्यांचं एकमत होत नाही म्हणे. बंद केला तर काय होईल, हे त्यांनाही सांगता येत नाही. धाकटीवर ठपका ठेवायचा की तिचा सत्कार करायचा, हेही संस्थेचं ठरत नाही. मी तिला म्हटलं, दोन्हीला तीच साडी नेस.

काल ती जेवायला आली. ताटाची कड पाहिली नाही, भाजी पाहिली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि वर बघत राहिली. ते दार परत अडकतंय. बायको म्हणाली, अग, सुताराला निरोप दिलाय, उद्या येऊन तासून देईल. धाकटी म्हणाली, ताई, त्याला नको म्हणून सांग.

मग तिने पर्समधून प्लास्टरची पुडी काढली, वाटीत कालवली आणि दाराच्या चौकटीपासून निघालेल्या, मी आजवर कोळिष्टक समजत होतो त्या बारीक रेघेवर एक पातळ पट्टी लावली. तारीख घातली. मला म्हणाली, भावोजी, हिला हात लावायचा नाही, आणि तुटली तर लपवायची नाही.

हे लिहितोय ते स्वयंपाकघरातच बसून. पट्टी वाळून पांढरी झाली आहे. बायको आत कपाटं रिकामी करते आहे, नुसतीच आवरतेय म्हणते. पंप चालू आहे.