नववी कॉपी

आमच्या हरिलालला गावात सगळे 'व्हिडिओ हरिलाल' म्हणायचे. माझा धाकटा दीर. दिवसभर आमच्या बेटावरच्या कार्तिए मिलितेर ते पोर्ट लुईच्या बसवर तिकिटं फाडायची आणि घरी आला की दोन व्हिडिओ-यंत्रांपुढं बसायचं. एक यंत्र मेहुण्यानं पॅरिसहून आणलेलं, दुसरं मुंबईहून आलेलं. दोन्हींची पद्धत वेगळी, त्यामुळं एकातून दुसऱ्यात चित्र उतरवलं की रंग उडायचे. हरिलाल म्हणायचा, चित्र आलं ना, मग रंगाचं काय घेऊन बसलात. असा त्याचा सगळा कारभार.

त्र्याऐंशीच्या गणपतीत आमच्या मराठी सभेनं त्याला झाकरी, म्हणजे गणपतीपुढं गात धरायचा आमचा जुना नाच, टिपायला सांगितलं. भाड्याचा कॅमेरा खांद्यावर घेऊन हा नवरदेवासारखा मिरवत होता. गायला आमच्या शेजारची कुसुमावतीकाकी, मृदंगावर तिचा नवरा बलरामकाका. अशी जोडी पुन्हा होणे नाही. पुढच्या थंडीत बलरामकाका छातीत कळ येऊन गेला. घरातले फोटो मागंच सायक्लोनच्या पाण्यात गेलेले. म्हणजे त्याचं तोंड बघायला काकीजवळ उरली ती एवढी कासेट.

पण कासेट मिळायची कशी, तर मानाप्रमाणं! मूळ कासेटीवरून पहिली कॉपी अध्यक्ष चंद्रमोहनजींना. त्यांच्या कॉपीवरून चिटणीस सत्यदेवना. सत्यदेवांच्या कॉपीवरून खजिनदारांना. असं उतरत उतरत, मंडप बांधणारे, खुर्च्या देणारे, सगळे झाल्यावर नववी कॉपी कुसुमावतीकाकीला. जिनं घसा फोडला तिला! मी हरिलालला म्हटलं, अरे, सगळ्या मूळ कासेटीवरूनच काढ की. तर म्हणाला, अध्यक्षांची आणि इतरांची कॉपी सारखीच कशी चालेल? आणि सत्यनारायणाचा प्रसाद शेवटच्याला मिळाला म्हणून कमी गोड लागतो काय? मूळ कासेट त्यानं देवघरात नेऊन ठेवली. रोज हळदकुंकू वाहायचा तिला. यंत्रात घालायची मात्र नाही, झिजेल म्हणे.

नवव्या कॉपीत काय दिसत होतं म्हणून सांगू? पेजेत माणसं बुडवून काढल्यासारखी. नाचणारे कोण, बघणारे कोण, काही पत्ता नाही. मृदंग तेवढा ऐकू यायचा, तोही उशीखालून. पण काकीनं त्यातही बलरामकाका शोधला. डाव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका तालावर मान हलवायचा. रोज दिवाबत्ती झाली की ती टीव्हीपुढं बसायची, त्या ठिपक्याला हात जोडायची आणि मला दाखवायची, बघ, समेवर कशी मान टाकतो ते. मला काही दिसत नव्हतं, पण मी हो म्हणायचे.

नाक-डोळे दिसत नाहीत म्हणून ती हरिलालकडं आली, तेव्हा हा शहाणा म्हणतो कसा, काकी, तुला मोतीबिंदू आहे, कासेट चांगली आहे. दोन वर्षं त्यानं तेच सांगितलं. शेवटी शहाऐंशीत काकीनं डोळे कापून घेतले आणि पट्टी सुटल्यावर पहिली आमच्या दारात आली. म्हणाली, "डॉक्टरनं माझे डोळे साफ केले. आता तू तुझी कासेट साफ कर."

हरिलालचं तोंड बघण्यासारखं झालं. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हातारीला दोन वर्षं आंधळी ठरवलीस, लाज वाटत नाही? मुकाट्यानं त्यानं रविवारी दुपारी मूळ कासेट देवघरातून काढली, कुंकू पुसलं. काकीला चारला बोलावलं होतं. त्याआधी आम्ही दोघांनी ती लावून बघितली.

आयो, काय चित्र होतं! रंग जिथल्या तिथं. अध्यक्षांच्या अंगठीतला खडासुद्धा चमकत होता. तासभर अध्यक्षच, कारण कॅमेरा पाहुण्यांवरून हलवायचा नाही असा त्यांचा हुकूम; तीन वर्षांत ते हरिलालच्याही ध्यानातून गेलेलं. नाच मागं कुठंतरी चाललेला. आणि डाव्या कोपऱ्यात, काळा कोट घालून, आमचे चिटणीस सत्यदेव खुर्चीत डुलक्या घेत होते. मान छातीवर पडायची, दचकून वर यायची, परत पडायची.

बलरामकाका कुठंच नव्हता. नुसता त्याचा मृदंग वाजत होता.

हरिलालनं यंत्र बंद केलं. दोन वर्षं ती बाई सत्यदेवाच्या झोपेला हात जोडत होती.

चारला काकी आली, नवं लुगडं नेसून. हरिलालनं मान खाली घालून सांगितलं की देवघरातल्या ओलीनं मूळ कासेट खाल्ली, चूक माझी आहे. मला वाटलं काकी आता याला झोडपते. पण पिशवीतून तिनं आपली नववी कॉपी काढली.

"मग हिच्यावरून अजून एक काढून ठेव. ही तुटली तर मी काय बघू?"

"काकी, दहावीत अजून पुसट होईल."

"होऊ दे. मान हलताना दिसली म्हणजे झालं."

ती चहा पिऊन, कासेट ठेवून गेली. रविवारी बुतिक, म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, बंद, घरात कोरी कासेट एकही नाही. हरिलालनं थोडा वेळ इकडं तिकडं शोधल्यासारखं केलं. मग ती हळदकुंकवाची मूळ कासेट उचलली आणि आतलं सगळं पुसत काकीचा ठिपका तिच्यावर उतरवायला लावला. मी त्याला अडवलं नाही.